जाहिरातीत ‘एमएस ऑफिस’, खिशात पैसे नाहीत : मुळशीच्या मुलांनी काय शिकावं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या जुन्या आवृत्त्यांचीही मुदत संपली. त्याच महिन्यात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना कागदपत्रं, तक्ते आणि सादरीकरणासाठी चेन्नईच्या झोहो कंपनीचं ऑफिस सॉफ्टवेअर वापरायला सांगितलं. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्याही तेव्हाच आल्या.

टीव्हीवर चर्चा रंगली ती स्वदेशी की परदेशी, यावर. पण आपल्या घरांपुढचा प्रश्न वेगळा आहे. सरकार मोठं आहे, एका परिपत्रकाने ते आपलं सॉफ्टवेअर बदलू शकतं. नोकरी मागायला निघालेल्या पोराला किंवा पोरीला ते जमेल का? जाहिरातीत तर सरळ लिहिलेलं असतं, ‘एमएस ऑफिस, विशेषतः एक्सेलचं चांगलं ज्ञान आवश्यक.’ ही एक ओळ वाचून कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत. काहींचे पालक उसनवारी करून क्लास लावतात. बाकीचे कोपऱ्यावरच्या दुकानातून चोरीची कॉपी टाकून घेतात.

या तिन्हींची गरज नाही. जाहिरातीतल्या ओळीचा नेमका अर्थ काय, हे मात्र समजून घेतलं पाहिजे.

जमीन मुळशीची, नोकरी कुणाची?

हिंजवडीला लोक पुण्यातलं किंवा पिंपरी-चिंचवडमधलं समजतात. प्रत्यक्षात हिंजवडी, माण, मारुंजी ही सगळी गावं मुळशी तालुक्यातली. राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच मातीवर उभं आहे. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशी मोठमोठी नावं तिथे आहेत. तालुक्याचं मुख्य गाव पौड. पौड रस्त्यावर पिरंगुटला कारखान्यांचा पट्टा आहे, आणि लवळ्याच्या टेकडीवर मोठी खासगी विद्यापीठं.

मुळशीला हा अनुभव नवा नाही. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला गेली. पुढे शंभर वर्षांत आयटी पार्क आलं, रस्ते आले, टॉवर आले. पण त्या काचेच्या इमारतींच्या आत, खुर्चीवर बसून करायच्या कामात गावातली किती मुलं दिसतात? गेटवर, कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या कॅबमध्ये ती दिसतात. ही गोष्ट मुळशीतल्या सगळ्याच समाजांची आहे, आपल्या एकट्याची नाही.

आपल्या घरांची अडचण मात्र एका पायरीने जास्त आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हे दाखवलंच होतं, की मुस्लिमांमध्ये स्वतःच्या धंद्यावर पोट भरणारे जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत असणारे कमी. वडिलांचं गॅरेज, मामूंचं शिवणकाम, काकांची फळांची गाडी. काम मेहनतीचं आणि इज्जतीचं. पण या घरांमध्ये ऑफिसात काम केलेलं माणूस नसतं. ज्या मुलाचे वडील ऑफिसात असतात, त्याला घरीच कळतं की ‘एमएस ऑफिस येणं आवश्यक’ म्हणजे चारपाच ठरावीक कामं यायला हवीत, बस्स. आपला मुलगा ती ओळ अक्षरशः वाचतो. त्याला वाटतं, त्या कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर घरी असल्याशिवाय आणि त्याच नावाचं सर्टिफिकेट असल्याशिवाय दरवाजा उघडणारच नाही. आपण इथे मागे पडतो. हुशारी कमी म्हणून नाही, सांगणारं कुणी नसतं म्हणून.

विकत घ्यायचं, चोरायचं की सोडून द्यायचं?

मायक्रोसॉफ्टचं ऑफिस आता बहुतेक लोक वर्षाच्या वर्गणीवर घेतात. एका माणसाची वर्गणी वर्षाला काही हजार रुपये होते, आणि दर वर्षी भरावी लागते. ज्या घरात लॅपटॉपच मुश्किलीने आला, तिथे हा खर्च सोपा नाही.

मग दुसरा रस्ता, म्हणजे चोरीची कॉपी. लॅपटॉप दुरुस्तीला गेला की ‘ऑफिस टाकून देऊ का?’ असं दुकानदार विचारतो, दोनतीनशे रुपये घेतो आणि काम होतं. हे इतकं सरसकट चालतं की यात काही चूक आहे असंच वाटत नाही. पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार, बेकायदा कॉपी आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद, आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर पैसे कमावण्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकतं. पण त्याच लॅपटॉपवर कुणाचं जीएसटीचं काम केलं, बिलं बनवली, तर ही सवलत मागायला तोंड राहत नाही. विद्यार्थ्याच्या घरी पोलीस येतील असं म्हणायचं नाही. छोटं दुकान किंवा टायपिंग सेंटर चालवणाऱ्यावर मात्र ही तलवार कायम टांगती असते.

कायद्यापेक्षा जवळचा धोका संगणकातच असतो. चोरीचं ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करायला जो छोटा प्रोग्राम चालवतात, तो चालावा म्हणून आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. त्या प्रोग्रामसोबत आणखी काय आत आलं, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. त्याच संगणकावरून नंतर घरातलं बँकेचं काम होतं, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, आधारची कागदपत्रं अपलोड होतात.

दिनी बाजूही सांगायला हवी, कारण हा प्रश्न घराघरात विचारला जातो. ओआयसीशी संलग्न असलेल्या जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव क्रमांक ४३ केला. लेखन, शोध, व्यापारी नाव यांसारखे हक्क शरीयतनुसार सुरक्षित आहेत आणि त्यांच्यावर अतिक्रमण जायज नाही, असं त्यात म्हटलं आहे. काही उलेमांची मतं वेगळी आहेत आणि त्यावर बहस होत राहील. पण हलाल रोजीची सुरुवात चोरीच्या हत्याराने करायची नसेल, आणि बिनचोरीचं हत्यार फुकट मिळत असेल, तर बहस करत बसायचं कारण काय?

फुकट आणि मुक्त, दोन गोष्टी

हे हत्यार म्हणजे लिबर ऑफिस. त्याची कहाणी जर्मनीत सुरू होते. तिथल्या स्टार डिव्हिजन कंपनीने स्टार ऑफिस बनवलं. १९९९ मध्ये सन कंपनीने ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यातून ओपन ऑफिस झालं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा काम करणाऱ्या मंडळींना भवितव्याची काळजी वाटली. सप्टेंबर २०१० मध्ये ते वेगळे झाले, ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था काढली, आणि लिबर ऑफिस जन्माला आलं. लिहायला रायटर, तक्त्यांना कॅल्क, सादरीकरणाला इम्प्रेस. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटचेच हे भाऊबंद. ते विंडोजवर चालतं आणि लिनक्सवरही. एका संगणकावर टाका नाहीतर पन्नासवर, पैसा लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.

फुकट मिळणारं प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त नसतं, हे इथे लक्षात ठेवा. गुगल डॉक्स आणि शीट्स फुकट आहेत. झोहोचीही फुकट सोय आहे. एवढंच काय, मायक्रोसॉफ्टचं वर्ड आणि एक्सेलसुद्धा ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतं. फक्त एक खातं उघडावं लागतं. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना ही शेवटची गोष्ट माहीतच नसते. पण या तिन्ही कंपन्यांची सोय त्यांच्या मर्जीवर आहे. इंटरनेट लागतं, कागद त्यांच्या संगणकावर राहतात, आणि उद्या अटी बदलल्या तर आपण काही करू शकत नाही. झोहो भारतीय आहे ही आनंदाची गोष्ट, पण तीही खासगी कंपनीच आहे आणि तिचा कोड तिच्याचकडे आहे. लिबर ऑफिस एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं. मुळशीच्या आतल्या गावांमध्ये, जिथे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही दगा देतात, तिथे या गोष्टीला फार किंमत आहे.

कंपनीची बाजूही ऐका

‘कंपन्या उगाच एमएस ऑफिस मागतात’ असं म्हणून चालणार नाही. त्यांच्याकडे कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे फायलींची देवाणघेवाण. ग्राहक एक्सेलची फाइल पाठवतो, ती दहा लोकांकडून फिरून परत जाते. मधल्या एकाकडे वेगळं सॉफ्टवेअर असलं की कधी अक्षर बदलतं, कधी तक्ता सरकतो. दुसरं म्हणजे मॅक्रो. अनेक कंपन्यांत वर्षानुवर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेली मॅक्रोची फाइल असते, आणि अख्खं खातं तिच्यावर चालतं. असे मॅक्रो लिबर ऑफिसमध्ये सगळे नीट चालतातच असं नाही. तिसरं म्हणजे पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्होटसारख्या सोयी. मोठ्या आकडेवारीच्या कामात त्या रोज लागतात आणि कॅल्कमध्ये तशा नाहीत. हिंजवडीत फायनान्स, ऑडिट किंवा डेटा ॲनालिसिसच्या कामाला जायचं असेल, तर खरं एक्सेल शिकावंच लागेल.

पण आपली बहुतेक मुलं सुरुवातीला कुठल्या कामाला जातात? पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअर किंवा डिस्पॅचला, अकाउंट्समध्ये असिस्टंट म्हणून, एचआरच्या हाताखाली हजेरी आणि पगारपत्रकाला, बॅक ऑफिसात डेटा भरायला. या कामाला काय लागतं? यादी लहान आहे. बेरीज-सरासरीची सूत्रं. अट घालून बेरीज, म्हणजे सम-इफ. एका तक्त्यातून दुसऱ्यात माहिती शोधून आणणं, म्हणजे व्ही-लुकअप. फिल्टर आणि सॉर्ट. अटीनुसार रंग बदलणं. पिव्होट टेबल. चार्ट. वर्डमध्ये नीट पत्र, आणि शंभर जणांना एकाच मजकुराची पत्रं काढायची मेल मर्ज.

या यादीतली प्रत्येक गोष्ट लिबर ऑफिसमध्ये आहे. सूत्रांची नावंसुद्धा तीच. एक्सेलमध्ये गाजलेलं एक्स-लुकअपही ऑगस्ट २०२४ च्या आवृत्तीपासून कॅल्कमध्ये आलं आहे. फरक पडतो तो बटणांच्या जागेचा. अटीनुसार रंग द्यायची सोय एक्सेलमध्ये ‘होम’ पट्टीवर सापडते, कॅल्कमध्ये ‘फॉरमॅट’ मेन्यूत. ज्याला पिव्होट टेबल म्हणजे काय हे कळलं, त्याला बटण शोधायला पाच मिनिटं लागतात. ज्याला नुसतं बटण पाठ आहे, तो कंपनीने नवी आवृत्ती आणली की पुन्हा कोरा. एका बाइकवर शिकलेला माणूस दुसरी चालवायला घाबरत नाही, तसंच हे.

सरकारी नोकरीचा दरवाजा वेगळा

सरकारी भरतीच्या बाबतीत तर मोठाच गैरसमज आहे. एमएस-सीआयटी हे नाव घराघरात पोहोचलं आहे. २००१ पासून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनमार्फत हा कोर्स चालतो आणि लाखो मुलांनी तो केला आहे. कित्येकांना वाटतं, यातलं ‘एमएस’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट. तसं नाही. ते ‘महाराष्ट्र स्टेट’ आहे. पण कोर्समध्ये वर्षानुवर्षं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच शिकवलं गेल्यामुळे हा गैरसमज पक्का झाला.

आता राज्य सरकारच्या कुठल्याही भरतीची जाहिरात उघडा आणि ‘संगणक अर्हता’ हा परिच्छेद वाचा. बहुतेक ठिकाणी ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा हवाला देऊन लिहिलेलं असतं, की डीओईएसीसी सोसायटीचं सीसीसी किंवा ओ, ए, बी, सी स्तरांपैकी कुठलंही प्रमाणपत्र, किंवा एमएस-सीआयटी. म्हणजे दोन्ही चालतात. डीओईएसीसी म्हणजे आताची नायलिट, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची संस्था. तिच्या सीसीसी कोर्सचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये बदलला, आणि तेव्हापासून त्यात लिबर ऑफिसचे रायटर, कॅल्क आणि इम्प्रेसच शिकवतात.

म्हणजे बघा. लिबर ऑफिस शिकून मिळवलेलं केंद्र सरकारचं प्रमाणपत्र महाराष्ट्र सरकार एमएस-सीआयटीच्या बरोबरीने मानतं. हे आजचंच नाही, वर्षानुवर्षं जाहिरातींमध्ये छापून येतं आहे. आपण फक्त ती ओळ शेवटपर्यंत वाचत नाही.

सीसीसीसाठी क्लास लावलाच पाहिजे असं नाही. थेट उमेदवार म्हणून घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. फी ५०० रुपये अधिक जीएसटी. १०० प्रश्न, ९० मिनिटं, संगणकावर. एमएस-सीआयटीला साधारण पाच हजारांच्या घरात खर्च येतो. एमएस-सीआयटी वाईट आहे असं मुळीच नाही. गावात सेंटर आहे, शिकवणारं माणूस समोर आहे, घरून मुलीला पाठवायला सोयीचं आहे, तर जरूर करा. पण पैसे नाहीत म्हणून पोरगी घरी बसली असेल, तर दुसरा रस्ता उघडा आहे हे तिला कळलं पाहिजे. फक्त अर्ज करताना त्या त्या जाहिरातीतली अट स्वतः वाचून घ्या, आणि टायपिंगचं सर्टिफिकेट वेगळं मागितलं असेल तर ते याने भागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शाळेतही वारं बदलतंय. सीबीएसईच्या माहिती तंत्रज्ञान विषयात नववी-दहावीला लिबर ऑफिस शिकवतात. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं होतं.

केरळने काय केलं, म्युनिकमध्ये काय झालं

या बाबतीत केरळ आपल्या फार पुढे आहे. तिथल्या सरकारी शाळांनी २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ योजनेतून हळूहळू मुक्त सॉफ्टवेअरकडे वळायला सुरुवात केली. ही योजना आता काइट या सरकारी संस्थेकडे आहे. २०१९ मध्ये शाळांचे दोन लाखांहून जास्त संगणक लिनक्सवर चालवण्याचा कार्यक्रम तिथे जाहीर झाला. परवान्यांचे सुमारे ३ हजार कोटी रुपये वाचतील असा त्या वेळचा अंदाज होता. मलबारमधल्या मुस्लिमबहुल भागातली मुलंही याच शाळांतून शिकतात. केरळची मुलं लिनक्सवर शिकल्यामुळे आयटी नोकरीत मागे राहिली, असं कुणी म्हणताना ऐकलं आहे का?

उलट उदाहरणही सांगायला हवं. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. सुमारे १५ हजार संगणक बदलले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आल्या, बाहेरच्या कार्यालयांशी फायली जुळेनात, राजकारण बदललं, आणि २०१७ मध्ये पालिकेने परत विंडोजवर जायचा ठराव केला. आता त्याच जर्मनीत श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले ३० हजार संगणक लिबर ऑफिसवर नेण्याचा निर्णय घेतला आहे. यातून एवढंच समजतं, की एकटं शहर बदललं आणि भोवतालची सगळी कार्यालयं जुन्यावरच राहिली तर त्रास होतो. एकटा उमेदवार तर त्याहून लहान. म्हणून त्याने दोन्ही बाजूंची तयारी ठेवावी.

मराठी आणि उर्दूचा जुना अनुभव

एकाच सॉफ्टवेअरला बांधून घेतल्यावर काय होतं, ते आपण आपल्या भाषांमध्ये भोगलं आहे. उर्दूच्या छपाईत नव्वदच्या दशकापासून इनपेजचं राज्य. मराठीत श्रीलिपी. दोन्हींनी भाषेची मोठी सेवा केली, यात शंका नाही. पण त्या काळच्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसत्या अक्षरांचा खिमा. मदरशांचे जुने अहवाल, जमातींच्या नोंदी, मासिकांचे अंक अशा फायलींत अडकून पडले आहेत, कारण ते सॉफ्टवेअर असलेला संगणक बंद पडला.

युनिकोड आल्यापासून हे बंधन सुटलं. लिबर ऑफिसमध्ये देवनागरीही लिहिता येते आणि उजवीकडून डावीकडे उर्दूही. एकाच पानावर दोन्ही. त्याचे मेन्यूसुद्धा मराठीत करून घेता येतात. मशिदीच्या जमातीचा हिशोब, निकाहाच्या नोंदी, शाळेचे निकाल असे वीस वर्षांनी उघडायचे कागद कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशाच स्वरूपात ठेवायला हवेत.

मग करायचं काय?

मुलामुलींसाठी. आधी लिबर ऑफिसवर हात बसवा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिबर ऑफिसवरचे धडे मराठीत फुकट आहेत. नुसते बघू नका, घरातलंच काम घ्या. अब्बांच्या गॅरेजची महिन्याची आवक-जावक, अम्मीच्या शिलाईच्या ऑर्डरी, पाहुण्यांची यादी. वर दिलेली यादी एकेक करून स्वतःच्या आकड्यांवर करून बघा. दोन महिन्यांत हात बसतो. मग शेवटचे पंधरा दिवस ब्राउझरमधल्या फुकट एक्सेलवर तेच सगळं पुन्हा करा, म्हणजे मुलाखतीत समोर एक्सेल आलं तर बटणं अनोळखी वाटणार नाहीत. ब्राउझरवाल्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, पण सुरुवातीच्या कामाला अडत नाही.

बायोडाटात खरं तेच लिहा. ‘एमएस ऑफिस एक्सपर्ट’ असं लिहून मुलाखतीत पिव्होट टेबलवर अडकण्यापेक्षा ‘एक्सेल आणि लिबर ऑफिस कॅल्क : व्ही-लुकअप, पिव्होट टेबल, मेल मर्ज’ असं लिहिलेलं जास्त वजनदार दिसतं. बायोडाटा पीडीएफ करूनच पाठवा, म्हणजे समोरच्याकडे कुठलंही सॉफ्टवेअर असो, पान जसंच्या तसं दिसेल. वर्डची फाइलच मागितली, तर पाठवण्याआधी ती ब्राउझरमधल्या वर्डमध्ये एकदा उघडून बघा. आणि अकाउंट्सच्या कामाला जायचं असेल तर टॅलीही शिकावंच लागेल. तिथे लिबर ऑफिस पुरणार नाही.

पालकांसाठी. क्लासची फी भरण्याआधी विचारा, काय शिकवणार? ‘एमएस ऑफिस’ एवढंच उत्तर मिळालं तर थांबा. सूत्रं कुठली, सराव किती, परीक्षा कोण घेणार, हे विचारायचा आपला हक्क आहे. दुकानदार ‘ऑफिस टाकून देतो’ म्हणाला, तर ‘लिबर ऑफिस टाका’ म्हणा.

जमाती आणि संस्थांसाठी. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर बसत नाही. त्यामुळे हिंजवडीसारख्या ठिकाणच्या कंपन्यांमधून चालते संगणक आता बाहेर निघत आहेत. यातले चारपाच कमी किमतीत किंवा देणगीत मिळवून, त्यावर लिनक्स आणि लिबर ऑफिस टाकून, मशिदीच्या खोलीत किंवा गावच्या वाचनालयात ठेवता येतील. मुळशीत आपली घरं गावोगाव विखुरलेली आहेत, प्रत्येक गावात क्लास निघणं शक्य नाही. पण पौडला एक, पिरंगुटला एक, संध्याकाळी दोन तास, मुलींसाठी वेगळी वेळ, एवढं जमण्यासारखं आहे. दार सगळ्या समाजांच्या मुलांसाठी उघडं ठेवा. सत्याग्रहात गेलेल्या जमिनी सगळ्यांच्याच होत्या. राज्य सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली आहे. तिच्याकडे अशा केंद्रांची मागणी लावून धरायला हरकत नाही.

आणि सरकार आणि कंपन्यांसाठी. जाहिरातीत कंपनीचं नाव लिहू नका, काम लिहा. ‘स्प्रेडशीटवर व्ही-लुकअप आणि पिव्होट टेबल येणं आवश्यक’ असं लिहिलं, तर कंपनीला हवा तोच माणूस मिळतो आणि अर्ज करणाऱ्यालाही नेमकं काय शिकायचं ते कळतं. ज्या शिक्षण मंत्रालयाने स्वतःच्या अधिकाऱ्यांना मायक्रोसॉफ्टपासून दूर जायला सांगितलं, त्याने भरतीच्या जाहिरातींचीही भाषा बदलायला सांगावं. एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमातही लिबर ऑफिसला बरोबरीची जागा मिळावी. केंद्राच्या सीसीसीत ती मिळू शकते, तर राज्याच्या कोर्समध्ये का नाही?

हे सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर ज्या घरात बारावी किंवा बी.कॉम. झालेलं पोर एका ओळीला घाबरून बसलं आहे, तिथे एवढं सांगा : संगणक उघड, लिबर ऑफिस उतरवून घे, आणि घरचा हिशोब त्यात मांडायला लाग. पुढच्या महिन्याची जाहिरात आली की अर्ज कर.